विश्लेषण : मोठा आरसा की रुंद नजर? भारताच्या दुर्बीण नियोजनातला कळीचा प्रश्न

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या एका छोट्या दुर्बिणीने आकाशात सरकणारा एक ठिपका टिपला. ‘२०२४ वायआर४’ असे त्या लघुग्रहाचे नाव ठेवण्यात आले. सुरुवातीच्या अंदाजानुसार त्याचा आकार ४० ते ९० मीटर होता आणि २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांच्या वर गेली. धोक्याचा संभाव्य पट्टा अरबी समुद्रावरून आणि दक्षिण आशियावरून जात होता, त्यामुळे मुंबई आणि कोलकात्याची नावेही बातम्यांत आली. पुढच्या निरीक्षणांनंतर ही शक्यता जवळपास शून्यावर आली.

या प्रकरणातला एक तपशील मात्र मागे पडला. लघुग्रह शोधणाऱ्या ‘ॲटलास’ प्रकल्पातल्या दुर्बिणीचा आरसा जेमतेम अर्ध्या मीटरचा आहे. भारताकडे ३.६ मीटरची दुर्बीण आहे. तरीही असा लघुग्रह भारतातून आधी सापडण्याची शक्यता फार कमी होती. त्याचे कारण आरशाच्या आकारात नाही, तर दुर्बीण एका वेळी किती आकाश पाहते यात आहे. केंद्र सरकार मोठ्या दुर्बिणींवर खर्च करण्याच्या तयारीत असताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

‘विस्तृत दृष्टिक्षेत्र’ म्हणजे काय?

दुर्बीण एका छायाचित्रात आकाशाचा जेवढा तुकडा टिपते, त्याला तिचे दृष्टिक्षेत्र म्हणतात. ते मोजायला पौर्णिमेचा चंद्र हे सोपे माप आहे. चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. संपूर्ण आकाश सुमारे ४१,२५३ चौरस अंशांचे आहे, म्हणजे त्यात असे दोन लाखांहून अधिक चंद्र मावतील.

लडाखमधल्या हानले येथील २ मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचा मुख्य कॅमेरा एका वेळी पूर्णचंद्राचा साधारण सातवा भाग पाहतो. ‘ॲटलास’ची अर्ध्या मीटरची दुर्बीण एका वेळी सुमारे २९ चौरस अंश, म्हणजे जवळपास दीडशे चंद्रांएवढे आकाश टिपते.

क्रिकेट सामन्याचे उदाहरण घ्या. एक कॅमेरा फलंदाजाच्या मनगटावर रोखलेला असतो, दुसरा संपूर्ण मैदान दाखवतो. बॅटची कड लागली की नाही हे पहिलाच सांगू शकतो. पण चेंडू नेमका कुठे गेला हे पहिल्या कॅमेऱ्याला कळणार नाही. खगोलशास्त्राला दोन्ही कॅमेरे लागतात. भारताने आजवर प्रामुख्याने पहिल्यावर भर दिला.

आरसा मोठा असला की भागत नाही का?

आरसा जितका मोठा, तितका प्रकाश जास्त गोळा होतो आणि तितक्या अंधुक वस्तू दिसतात. सर्वेक्षणासाठी मात्र आणखी एक हिशेब करावा लागतो. आरशाचे क्षेत्रफळ गुणिले दृष्टिक्षेत्र. या गुणाकारावरून दुर्बीण किती वेगाने आकाश पिंजून काढू शकते, ते कळते.

हानलेतच ‘ग्रोथ-इंडिया’ ही ०.७ मीटरची दुर्बीण आहे. चंद्र दुर्बिणीच्या तुलनेत तिच्या आरशाचे क्षेत्रफळ आठपट कमी आहे, पण दृष्टिक्षेत्र सुमारे १७ पट जास्त आहे. गुणाकार केला, तर सर्वेक्षणाच्या कामात ही छोटी दुर्बीण मोठीपेक्षा दुप्पट सरस ठरते.

याचा अर्थ चंद्र दुर्बीण कमी उपयोगाची आहे असा नाही. एखादी वस्तू सापडल्यावर तिच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन ती काय आहे, किती दूर आहे, कशाची बनली आहे हे सांगायला मोठा आरसाच लागतो. पण आधी ती सापडायला हवी.

जगात काय चालले आहे?

अमेरिकेत पालोमार वेधशाळेची ४८ इंची दुर्बीण १९४८ पासून आहे. तिच्यावर नवा कॅमेरा बसवून ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ हा प्रकल्प सुरू झाला. हा कॅमेरा एका वेळी ४७ चौरस अंश आकाश पाहतो. सत्तर वर्षे जुनी दुर्बीण केवळ कॅमेरा बदलल्यामुळे पुन्हा आघाडीवर आली.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने याच्या कितीतरी पुढे मजल मारली आहे. ८.४ मीटरचा आरसा, ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ९.६ चौरस अंशांचे दृष्टिक्षेत्र असा हा संच आहे. जून २०२५ मध्ये तिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत तिने २,१०४ नवे लघुग्रह शोधले, त्यांतले सात पृथ्वीच्या जवळून जाणाऱ्या गटातले होते. दहा वर्षांच्या सर्वेक्षणात ही वेधशाळा दर रात्री सुमारे २० टेराबाइट माहिती गोळा करणार आहे. आकाशात काही बदलले, हलले किंवा उजळले, की त्याची सूचना जगाला काही मिनिटांत मिळेल. अशा सूचनांची संख्या एका रात्रीत एक कोटीपर्यंत जाऊ शकते.

चीनही मागे नाही. छिंगहाय प्रांतातल्या लंघू येथे सुमारे ४,२०० मीटर उंचीवर २.५ मीटरची ‘मोझी’ ही विस्तृत दृष्टिक्षेत्राची दुर्बीण २०२३ मध्ये सुरू झाली. तिचे दृष्टिक्षेत्र तीन अंश रुंदीचे आहे.

भारताकडे आज काय आहे?

हे काम भारताला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या वेधशाळांनी संपूर्ण आकाशाचा छायाचित्रांवर आधारित नकाशा करायला घेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादची निजामिया वेधशाळा त्यात सहभागी झाली. तिला मिळालेला आकाशाचा एक पट्टा आधी चिलीतल्या सँटियागो वेधशाळेकडे होता. हैदराबादने साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून दिली. पुढे १९८८ मध्ये तमिळनाडूतील कावलूर येथे विस्तृत क्षेत्राच्या श्मिट दुर्बिणीतून आर. राजमोहन यांनी लघुग्रह शोधला. त्याला ‘रामानुजन’ हे नाव मिळाले.

आज या क्षेत्रात प्रामुख्याने तीन गोष्टी आहेत. पहिली, ‘ग्रोथ-इंडिया’. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी उभारलेली ही पूर्ण स्वयंचलित दुर्बीण २०१८ मध्ये सुरू झाली. अल्पकाळ चमकून विझणाऱ्या खगोलीय घटनांचा पाठलाग हे तिचे काम. तिचा खर्च चालवायला आयआयटी मुंबईच्या १९९४ च्या तुकडीतल्या माजी विद्यार्थ्यांचाही हातभार लागतो.

दुसरी, उत्तराखंडमधल्या देवस्थळ येथील ४ मीटरची द्रवरूप आरशाची दुर्बीण. सुमारे ५० लिटर पारा फिरत्या भांड्यात ठेवून तिचा आरसा तयार होतो. ती डोक्यावरून सरकणारा आकाशाचा पट्टा रोज रात्री टिपते. पण पारा तिरपा करता येत नाही. त्यामुळे ही दुर्बीण वळत नाही, तिला सरळ वरच पाहावे लागते. एका रात्री घेतलेले छायाचित्र दुसऱ्या रात्रीच्या छायाचित्रातून वजा करून काय बदलले हे शोधण्यासाठी ती उत्तम आहे. ‘आत्ता तिकडे बघ’ असे मात्र तिला सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट पुण्यातली आहे. आयुका या संस्थेने ‘वॉलॉप’ नावाची विस्तृत दृष्टिक्षेत्राची ध्रुवणमापक उपकरणे विकसित करण्याचे काम हाती घेतले. ताऱ्यांच्या प्रकाशाचे ध्रुवण मोजून आपल्या आकाशगंगेतील धुळीचा आणि चुंबकीय क्षेत्राचा नकाशा तयार करणे हा त्यांचा उद्देश. उपकरण पुण्याचे, पण ज्या दुर्बिणींसाठी ते घडवले त्या ग्रीस आणि दक्षिण आफ्रिकेतल्या.

थोडक्यात, कौशल्य आहे, उपकरणे घडवण्याचा अनुभव आहे. पण हव्या त्या दिशेला वळणारी आणि एका वेळी अनेक चौरस अंश पाहणारी राष्ट्रीय सर्वेक्षण दुर्बीण भारताकडे नाही. ‘ग्रोथ-इंडिया’चे दृष्टिक्षेत्र अर्धा चौरस अंश आहे. वरच्या गुणाकाराच्या हिशेबात रुबिन तिच्या दीड हजारांहून अधिक पट पुढे आहे.

हिंगोलीशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत ती पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, की अवकाशात लहरी उठतात. लायगोला त्या कळतात, पण त्या नेमक्या कुठून आल्या हे काटेकोर सांगता येत नाही. ती फक्त आकाशाचा एक भाग दाखवते. तिथे प्रत्यक्ष काय चमकले, हे दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींना शोधावे लागते, तेही ती चमक विझण्याआधी.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी टक्कर टिपली गेली, तेव्हा शोधाचे क्षेत्र सुमारे ३० चौरस अंशांचे होते. चिलीत सूर्य मावळेपर्यंत थांबावे लागले आणि सुमारे ११ तासांनंतर १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेत ती चमक सापडली. सोने, प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला.

एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा अशीच टक्कर नोंदवली गेली. या वेळी शोधाचे क्षेत्र ८ हजार चौरस अंशांहून मोठे, म्हणजे आकाशाचा पाचवा भाग होते. ते झाकायला पालोमारच्या कॅमेऱ्याला १७६ छायाचित्रे पुरतील, ‘ग्रोथ-इंडिया’ला १६ हजारांहून अधिक लागतील. त्या घटनेची चमक कुणालाच सापडली नाही.

लायगो-इंडिया सुरू झाल्यावर शोधाचे क्षेत्र बरेच आक्रसेल, कारण दूरवर असलेल्या जास्त वेधशाळांमुळे दिशा अधिक अचूक कळते. तरी ते अनेकदा काही चौरस अंश किंवा त्याहून मोठे राहील. लहर हिंगोलीत कळली आणि तिचा उगम दुसऱ्या देशाने शोधला, असे होऊ शकते.

भारताच्या जागेचा फायदा किती?

आकाशातली घटना कुठल्याही क्षणी घडते, पण दुर्बीण फक्त रात्री पाहू शकते. त्यामुळे पृथ्वीभोवती ठिकठिकाणी दुर्बिणी असाव्या लागतात. चिलीत पहाट होते तेव्हा हानलेत दुपार असते. त्यानंतर काही तासांतच लडाखचे आकाश काळे होते. चिलीने सोडलेला धागा भारत त्याच दिवशी उचलू शकतो.

सुमारे ४,५०० मीटर उंचीवरचे हानले या कामासाठी आदर्श आहे. हवा कोरडी, पाऊस नगण्य. डिसेंबर २०२२ मध्ये तिथला १,०७३ चौरस किलोमीटरचा परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाला. त्यामुळे दिव्यांच्या प्रकाशावर नियंत्रण आहे. पुणे जिल्ह्यातली आयुकाची गिरवली वेधशाळा किंवा देवस्थळ यांना पावसाळ्यात काम थांबवावे लागते.

उत्तर गोलार्धात असणे ही आणखी एक जमेची बाजू. रुबिन मुख्यतः दक्षिण आकाश पाहते. उत्तरेचा मोठा भाग तिच्या आवाक्याबाहेर आहे.

पण हा फायदा कायम राहणार नाही. चीनचे लंघू हानलेच्या पूर्वेला सुमारे १५ रेखांशांवर आहे, म्हणजे तिथे रात्र फक्त एक तास आधी होते. आजवर आशियाच्या या भागात चांगली जागा म्हटली की हानलेचे नाव पुढे येत असे. आता शेजारी त्याच पट्ट्यात सर्वेक्षण दुर्बीण चालू आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण तांत्रिक आहे. रुंद क्षेत्राची प्रतिमा कडेपर्यंत स्पष्ट ठेवायला विशेष भिंगे लागतात आणि तेवढे क्षेत्र झाकणारे डिटेक्टर लागतात. रुबिनच्या कॅमेऱ्यात असे १८९ संवेदक आहेत आणि सर्वांत मोठे भिंग दीड मीटरहून रुंद आहे. असे डिटेक्टर बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत.

दुसरी अडचण माहितीच्या वहनाची आहे. हानलेची चंद्र दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रह दुव्याने चालवली जाते. थोड्या छायाचित्रांसाठी हे पुरते. सर्वेक्षण दुर्बिणीची रोजची टेराबाइट माहिती मात्र अशा दुव्यावरून खाली आणता येणार नाही. एक तर भक्कम फायबर जाळे हवे किंवा डोंगरावरच संगणक ठेवून तिथेच छाननी करायला हवी.

तिसरी अडचण वेळेची आहे. देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीचा बेल्जियमच्या कंपनीशी करार २००७ मध्ये झाला, उद्घाटन २०१६ मध्ये. भारताचा १० टक्के वाटा असलेली ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ तर अजून जागेच्या वादातून सुटलेली नाही. हवाईतल्या मौना केआवर तिला विरोध आहे. त्यात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिला पुढच्या टप्प्यात नेले नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पातल्या सहभागाला २०१४ मध्ये मान्यता दिली होती. एकाच महाकाय प्रकल्पावर सगळी भिस्त ठेवण्याचा धोका त्यातून दिसतो.

भारतापुढे पर्याय कोणते?

पहिला पर्याय, स्वतः सर्वेक्षण न करता दुसऱ्यांनी शोधलेल्या घटनांचा पाठपुरावा करायचा. रुबिनच्या सूचना सर्वांसाठी खुल्या आहेत. देवस्थळ आणि हानलेच्या दुर्बिणी वर्णपट घेण्यात तरबेज आहेत. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. शोध लाखांनी लागतील, तपासणाऱ्या दुर्बिणीच कमी पडतील. मात्र रुबिनची संपूर्ण छायाचित्रे आणि माहितीसंच दोन वर्षे फक्त हक्कधारकांपुरते मर्यादित असतात. शिवाय रोजच्या कोटभर सूचनांतून कामाच्या वेगळ्या काढणारी ‘ब्रोकर’ प्रणाली लागते. रुबिनने संपूर्ण प्रवाहासाठी निवडलेल्या सात प्रणालींत चिलीची आहे, फ्रान्सची आहे, ब्रिटनची आहे. भारतीय नेतृत्वाखालची एकही नाही. संगणक अभियंत्यांच्या देशात ही उणीव आरशाच्या उणिवेपेक्षा लवकर भरून काढता येईल.

दुसरा पर्याय भागीदारीचा. रुबिनने अनेक देशांच्या गटांना पैशांऐवजी सॉफ्टवेअर, संगणन किंवा अन्य दुर्बिणींवरचा वेळ घेऊन माहितीचे हक्क दिले. हानलेची रात्र, रेखांश आणि आयुकासारख्या संस्थांचे उपकरण-कौशल्य या भारताच्या जमेच्या बाजू आहेत. पुढच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांशी बोलणी करताना त्यांची किंमत लावता येते.

तिसरा पर्याय, हानलेत एक ते दोन मीटर वर्गाची, अनेक चौरस अंश पाहणारी स्वतःची दुर्बीण. हे खर्चिक स्वप्न वाटू शकते. पण ‘ॲटलास’ची अर्ध्या मीटरची दुर्बीण वरच्या हिशेबात ‘ग्रोथ-इंडिया’च्या सुमारे तीसपट वेगाने आकाश पाहते. रुबिनशी बरोबरी करण्याची गरजच नाही. काही तासांत विझणाऱ्या घटनांसाठी उत्तर आकाश दर रात्री पाहणारी मध्यम दुर्बीणही पुरेशी आहे, कारण रुबिन एका जागी साधारण काही रात्रींनी परतते.

अर्थसंकल्पाने काय दिले, काय राहिले?

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय भव्य सौर दुर्बीण, राष्ट्रीय भव्य प्रकाशीय-अवरक्त दुर्बीण, हिमालयन चंद्र दुर्बीण आणि ‘कॉसमॉस-२’ तारांगण अशा चार सुविधांची उभारणी किंवा श्रेणीवाढ जाहीर झाली. भारतीय खगोलशास्त्राला बऱ्याच काळाने मिळालेले हे मोठे पाठबळ आहे. पण या यादीत सर्वेक्षणासाठीची विस्तृत दृष्टिक्षेत्राची दुर्बीण स्वतंत्रपणे नाही.

हे तीन पर्याय एकमेकांचे शत्रू नाहीत. भव्य दुर्बीण उभी राहील तेव्हा तिने कुठे पाहायचे, हे सांगणारा कुणीतरी लागेलच. ती माहिती आपल्याकडून येणार की दरवेळी बाहेरून, हे आज ठरवावे लागेल. मोठ्या दुर्बिणीला दशक लागते, मध्यम सर्वेक्षण दुर्बिणीला काही वर्षे, सूचना छाननारे सॉफ्टवेअर त्याहून लवकर तयार होते. लायगो-इंडियाचे उद्दिष्ट २०३० चे आहे. म्हणजे हिंगोलीतून पहिली सूचना निघेल तेव्हा हानलेत कोणती दुर्बीण तयार असेल, याचा निर्णय पुढच्या एक-दोन वर्षांतच घ्यावा लागणार आहे.